तांब्याचं तोंड

तांब्याचं तोंड गोल असतं, हे सांगायला चित्रकार लागत नाही. गंमत अशी की ते गोल असं आपल्याला सहसा दिसतच नाही. त्यासाठी तांब्यावर ओणवं होऊन थेट वरून पाहावं लागतं. पाटावर बसून पाहिलं तर ते लांबट दिसतं, फळीवरचं आणखी अरुंद, आणि नजरेच्या बरोबर रेषेत आलं की नुसती आडवी रेघ. मनाला गोल ठाऊक, डोळ्याला लंबगोल दिसतो. हे भांडण ज्याने जसं मिटवलं तशी त्याची शैली, असं माझं जरा आगाऊ मत आहे. विषय काय, तांब्याच.

एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात, म्हणजे समोर मांडलेली वस्तू पाहून काढायच्या चित्रात, हे भांडण डोळ्याच्या बाजूने निकालात काढतात. पाव इंपिरिअल कागद, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल आडवी धरून आधी पोटाची रुंदी अंगठ्याने मापायची, मग तीच पेन्सिल उभी करून ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर किंचित वाकलं तरी माप फसतं, आणि वर्गात निम्म्या मुलांची कोपरं वाकलेलीच असतात. मग एक हलकी मध्यरेषा. तिच्या दोन्ही बाजूंना काठ, गळा, पोट, बूड यांच्या खुणा, आणि प्रत्येक खुणेवर मध्यरेषेला काटकोनात एकेक लंबगोल. मागची न दिसणारी बाजूसुद्धा काढायची, नंतर खोडायची. ती न काढता पुढची कमान अंदाजाने मारली की बूड एका बाजूला घसरलंच.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, लंबगोलाची टोकं बदामासारखी टोकदार होणं. लंबगोलाला कोपरा नसतो, तो टोकाशीही वळतच असतो. दुसरी अधिक चिवट: तोंड चांगलं उघडं आणि बूड पट्टी लावल्यासारखं सरळ. बूड टेबलावर टेकलंय आणि टेबल सपाट आहे, म्हणून हाताला सरळ रेघ मारावीशी वाटते. खरं तर तांब्या नजरेच्या खाली ठेवलेला असेल तर बूड नजरेपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं, त्यामुळे रुंदीच्या मानाने त्याचा लंबगोल तोंडापेक्षा फुगीर हवा. तोंड उघडं नि बूड सरळ असा तांब्या दोन वेगवेगळ्या उंचींवरून पाहिलेला असतो. परीक्षक गुण कापतात. ही चूक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छटेचं मात्र धातूवर अवलंबून. मातीच्या मडक्यावर उजेड हळूहळू विरत जातो. चिंचेने घासलेल्या पितळेवर तो तुकड्यातुकड्यांनी पडतो: लहानसा, धारदार कडेचा पांढरा ठिपका आणि त्याला खेटूनच गडद पट्टा. छायेकडची कड सगळ्यांत काळी करायचा मोह होतो, पण तिथे टेबलाचा परावर्तित उजेड असतो. तो सोडला नाही की तांब्या पत्र्याचा कापून लावल्यासारखा दिसतो. बोटाने छटा पुसू नये. बोटाचा तेलकटपणा कागदात जातो आणि तो डाग खोडरबराला दाद देत नाही.

जलरंगात पांढरा ठिपका रंगवायचा नसतो, कागद राखायचा असतो. आधी यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), शेवटी छायेत थोडा सेपिया (गडद तपकिरी). घाई केली, पहिला हात अर्धवट ओला असताना वर पाणीदार रंग टाकला, की फुलकोबीसारख्या कडेचा डाग उठतो. काळा मिसळला की पितळ मळकट होतं. तैलरंगात सगळं उलट. गडदापासून सुरुवात, आणि चकाकी सर्वांत शेवटी, जाड रंगाच्या एका ठोक्यात. त्या ठोक्यावर पुन्हा ब्रश फिरवला की तो विझतो.

आता लघुचित्रांकडे वळलं की परीक्षकाची पंचाईत होते. राजस्थानी लघुचित्रांत गालिचा बरेचदा वरून पाहिल्यासारखा, भिंतीवर टांगावा तसा पूर्ण उलगडलेला असतो, आणि त्यावरची सुरई मात्र समोरून, बूड सरळ. पडछाया नाही. प्रत्येक वस्तूची जी बाजू तिची सर्वांत चांगली ओळख पटवते ती बाजू घ्यायची, हा तिथला नियम. एलिमेंटरीतली चूक इथे व्याकरण आहे. कौशल्य दुसरीकडे जातं: खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली, कुठेही न थबकलेली कड, आणि अकीकाच्या दगडाने कागद उलटा करून मागून घोटून आणलेली रंगाची तुकतुकी.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने ही चूक युरोपात जाणूनबुजून केली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या सफरचंदांच्या टोपलीच्या चित्रात, साधारण १८९३ सालच्या, बाटली एका बाजूला कललेली आहे आणि टेबलाची पुढची कड कापडाच्या डावीकडून उजवीकडे जाताना जुळतच नाही. डोळा एका जागी खिळलेला नसतो, मान हलते, हे त्याने चित्रात राहू दिलं. पुढे पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९०८ नंतरच्या काही वर्षांत ते टोकाला नेलं. पेल्याचं अंग समोरून, तोंड वरून, पूर्ण गोल. मनाला ठाऊक असलेला गोल अखेर कागदावर आला! इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी याने मात्र सगळी मौज उजेडात शोधली. त्याच त्या बाटल्या आयुष्यभर, आणि चकाकीचा त्रास नको म्हणून काही बाटल्यांना त्याने रंगच फासला. मला विचाराल तर वस्तुचित्राच्या विद्यार्थ्याने पिकासोच्या आधी मोरांदी पाहावा.

वारली चित्रात बायांच्या डोक्यावरच्या घागरीला तोंड म्हणजे एक लहानशी आडवी रेघ. मागची जमीन गेरूची, रंग तांदळाच्या पिठाचा, लेखणी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पीठ ओलं असताना जेमतेम दिसतं, वाळल्यावर पांढरं उठतं. त्यामुळे नवखा माणूस न दिसल्याने दोनदा गिरवतो, आणि वाळल्यावर तिथे जाड खपली धरून ती गळून पडते. त्रिकोणी अंगावर लंबगोल काठाची, छटा दिलेली घागर ठेवून पाहा, बाई लगेच तिच्या ओझ्याने दबते. ‘आधुनिक वारली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक फुलदाण्यांवर नेमका हाच घोळ असतो.

शिल्पकाराला या भांडणात पडावंच लागत नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात, तिथल्या चैत्यगृहात (बौद्ध प्रार्थनागृहात), दोन्ही बाजूंचे खांब दगडी घटांतून वर आलेले आहेत. घट खरोखरच गोल घडवलेला. लंबगोल काढायचं काम आपल्या पायांचं: चालत जा, पायरीवर बसा, तो बदलत राहतो.

आणि लग्नपत्रिकेवरचा कलश? तिथे तोंडच नारळाने झाकलेलं. मध्यरेषेवर घडी घातल्यासारखी दोन्ही अंगं सारखी, पाच पानं पंख्यासारखी पसरलेली, सपाट रंग. संकल्पचित्राला, म्हणजे सजावटीच्या नक्षीला, हे शोभतं. पण हाच कलश समोर मांडून काढायला बसलात तर नारळाखाली झाकलेला काठाचा लंबगोल आधी हलका काढून घ्या. पुढची पानं त्या काठावरून आपल्याकडे वळून खाली येतात, बाजूची आखूड दिसतात, मागची जेमतेम टोकं दाखवतात. तो लंबगोल नसेल तर पानं नारळाच्या मागे चिकटवल्यासारखी उभी राहतात, आणि नारळ कलशात बसत नाही, वर तरंगतो.