नाल्याचा विषय

इंग्लंडात थेम्सकाठच्या पँगबोर्न गावी बस यायला वेळ होता, म्हणून समोरचा फलक वाचत उभा राहिलो. काचेमागे चार कागद, गंजक्या टाचण्या. एकावर पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या गावपंचायतीच्या, पुढच्या सभेचा अजेंडा. लोक अशा वेळी मोबाइल काढतात. मला मात्र सभेचा कागद दिसला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही. सोसायटीची इतिवृत्तं, वाचनालयाचे वार्षिक अहवाल, देवस्थानच्या जमाखर्चाच्या चोपड्या, काहीही चालतं. बायको याला व्यसन म्हणते. म्हणू दे.

हे लागलं आजोबांमुळे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात ते काही वर्षं पंचायतीत होते. सभा चावडीत व्हायची आणि आम्ही पोरं उंबऱ्यावर बसून ऐकायचो. एकदा गटाराचं पाणी कुणाच्या परड्यात सोडायचं यावरून दोघे असे भिडले की एकाचा हात पायातल्या वहाणेकडे गेला. मध्ये कोणीतरी पडलं, चहा आला, शिव्या जरा खालच्या पट्टीत आल्या. रात्री आजोबा कंदिलाशी बसून वहीत लिहीत होते. मी डोकावलो. 'सदर विषयावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' संपलं! वहाणेचं नाव नाही. तेव्हापासून इतिवृत्तात काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय याकडेच माझा डोळा असतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्रजी खेड्यांच्या वह्या तर या दृष्टीने मेजवानीच. त्यातही नदीकाठची गावं. नदी असली की गावात भांडणाला एक जास्तीची बाजू मिळते.

ही पॅरिश कौन्सिलं १८९४च्या कायद्याने आली. तोवर गावाचा कारभार चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे व्हिकार (चर्चचा धर्मगुरू), जमीनदार आणि दोन-तीन मोठे शेतकरी यांच्या मुठीत. नव्या कायद्याने मजुराला मत दिलं, लग्न झालेल्या बायकांनाही दिलं, आणि निवडून यायचीही मुभा दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात थेम्सला असा पूर आला की लोक पुढे पन्नास वर्षं त्याच्याच खुणेवरून पाणी मोजत राहिले. आणि डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या. म्हणजे नदीकाठची कौन्सिलं जन्मली तीच ओल्या पायांनी.

कायदा करणाऱ्यांना माणसांची चांगली पारख असावी. गावसभा संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करायची नाही, कारण मजूर तोवर शेतात. दारूच्या गुत्त्यात भरवायची नाही, दुसरी जागा मिळतच नसेल तर गोष्ट वेगळी. आणि गावची शाळा फुकट वापरायची. त्यामुळे कल्पना करा, मार्चमधली थंड संध्याकाळ, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले शेतकरी, समोर शाईच्या दौती, भिंतीवर साम्राज्याचा तांबडा नकाशा. व्हिकार एका कोपऱ्यात, लोहार दुसऱ्या. निवडणूकही तिथेच, आणि तीही हात वर करून. गुप्त मतदान मागता येई, पण त्याचा खर्च गावावरच पडणार. तेव्हा ज्याच्या घरात भाड्याने राहता तो समोर बसलेला असताना त्याच्याविरुद्ध हात वर करायचा. किती हात अर्धे वर जाऊन कान खाजवून खाली आले असतील, हे कुठल्या वहीत सापडायचं?

त्या बाकांवर हमखास एखादा निवृत्त कर्नल असे. हिंदुस्थानात हयात घालवून आलेला. त्या काळच्या इंग्रजी विनोदात लालबुंद तोंडाचा कर्नल म्हटला की तो 'पूना'हून आलेला असायचाच, आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'मी पूनाला असताना' असं सुरू व्हायचं. आपल्या कॅम्पातल्या बंगल्यात नोकरांची फौज बाळगलेला हा गृहस्थ आता नाल्याच्या उपसमितीवर! गंमत म्हणजे तिकडे मुंबई इलाख्यात १९२० साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला, तो १९३३मध्ये नव्याने आला, आणि त्याच १९३३ साली इंग्लंडनेही आपला स्थानिक कारभाराचा कायदा नव्याने बांधला. आजोबांची वही आणि कर्नलची वही तशी भाऊबंदच म्हणायची.

आता नाल्याचं. पॅरिशच्या हातात होतं तरी काय? नदीवर अंमल थेम्स कॉन्झर्व्हन्सीचा. बंधारे, लॉक, नावा ओढायची काठावरची वाट, सगळं तिचं. रस्ते आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या पायरीचे होते, ते १९३० पासून काउंटीकडे, म्हणजे त्याच्या वरच्या पायरीकडे गेले. शाळा काउंटीची, नाहीतर चर्चची. पँगबोर्नहून पलीकडे व्हिटचर्चला जाणारा पूल तर खाजगी कंपनीचा. १७९२ पासून तिथे टोल आहे, आजही गाडीवाले खिशात हात घालतात. उरलं काय? तळी, डबकी आणि उघडे नाले. ही माझी थट्टा नाही, कायद्यातच तसं कलम आहे: आरोग्याला अपाय होईल असं साचलेलं पाणी आणि घाण यांचा बंदोबस्त पॅरिश कौन्सिलला करता येईल. पण नाला भरतो कशाने? नदीने. आणि नदी दुसऱ्याची.

पैशाचं तर विचारू नका. गावसभेला न विचारता पौंडामागे तीन पेन्सांपुढे कर लावायची सोय मूळ कायद्यात नव्हती. गावातल्या घरादारांचं करपात्र मूल्य चार हजार पौंड धरलं, तर तीन पेन्सांनी (तेव्हा पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस) हातात येतात वर्षाला पन्नास पौंड. त्यात क्लार्कचं मानधन, बाकांची डागडुजी. पन्नास पौंडांत नदी वळवता येत नाही. मग करायचं काय? पत्र लिहायचं. अशा वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा जे क्रियापद येतं ते 'बांधावं' नाही, 'दुरुस्त करावं' नाही. 'क्लार्कने लिहावं' हे आहे. कॉन्झर्व्हन्सीला लिहावं, काउंटीला लिहावं, रेल्वेला लिहावं. उत्तर येई की पत्र पोहोचलं, विषय विचाराधीन आहे. ते उत्तर पुढच्या सभेत वाचलं जाई, आणि क्लार्कने पुन्हा लिहावं असं ठरे.

हसू येतं खरं, पण मला ही पत्रं थोर वाटतात. हातात सत्ता नसताना, वर्षानुवर्षं, स्वच्छ अक्षरात, न चिडता तीच मागणी करत राहणं याला वेगळी छाती लागते. चिडायला आपल्याला काय लागतं?

वह्यांत नदीकाठी येणाऱ्या शहरी लोकांचाही जाच दिसतो. युद्धानंतर मोटारी वाढल्या. शनिवार-रविवारसाठी काठावर लाकडी बंगल्या उभ्या राहू लागल्या, हाउसबोटी येऊन ठाण मांडू लागल्या, आणि त्यांचा मैला कुठे जातो हा प्रश्न सभेत यायला लागला. निसर्ग जपणारी मंडळी १९२६ मध्ये संघटित झाली आणि १९२९ साली क्रिकलेडपासून स्टेन्सपर्यंतच्या थेम्स खोऱ्याची रीतसर पाहणी छापली गेली. गावकऱ्यांचं मन मात्र दुभंगलेलं असणार. बंगल्या दिसायला वाईट. पण दूध, अंडी आणि पाव बंगलीवालेच घेतात.

एका विषयावर मात्र या वह्यांचा सूर बदलतो. १९१९ पासून दोन-तीन वर्षं गावोगाव युद्धात पडलेल्या पोरांच्या स्मारकाचा विषय होता. क्रॉस उभारायचा की गावासाठी सभागृह बांधायचं? मग नावांचा क्रम. हुद्द्याप्रमाणे की अकारविल्हे? हुद्द्याप्रमाणे लावलं तर जमीनदाराचा मुलगा वर, गुराख्याचा तळाला. बऱ्याच गावांनी अकारविल्हे लावलं. पुढे १९२३ साली स्मारकाच्या देखभालीवर पौंडामागे एक पेनीपर्यंत खर्च करायला सरकारने कायद्याने परवानगी दिली. नाल्याला तीन पेन्सांतला वाटा, मेलेल्या पोरांना एक पेनी. त्या बुटक्या बाकांवर तेव्हा त्या पोरांचे बापही बसलेले असायचे, आणि काही जण त्याच बाकांवर शिकून गेलेले. इथेही वही एवढंच म्हणत असणार की चर्चा होऊन मंजूर.

माझा आवडता विषय दिव्यांचा. रस्त्यावर दिवे लावायचे तर १८३३चा एक जुना कायदा गावाने स्वीकारावा लागे. तो स्वीकारण्यावरून भांडण, मग दिवा कुणाच्या दारात यावरून भांडण, मग तो किती वाजता विझवायचा यावरून. उन्हाळ्यात दिवे बंदच. आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रात्रीही लावायचे नाहीत, चंद्र असताना तेल कशाला जाळा! आता इंग्लंडातला चंद्र ढगाआड असला तर? तर ठेचकाळा. ही काटकसर वाचताना मला आमच्या आत्याची आठवण होते. रेडिओ ऐकताना ती दिवा घालवायची. ऐकायला उजेड कशाला लागतो, म्हणायची.

वीस वर्षं हा वाद चालला. कुठे वीज आली, कुठे तेलाचेच राहिले, शेवटच्या दिव्यापासून नदीच्या पायऱ्यांपर्यंतचा अंधार कुणाच्या हद्दीत हेही ठरायचं राहिलं. मग १ सप्टेंबर १९३९ला, विमानहल्ल्यांच्या धास्तीने, सरकारी हुकूम आला आणि देशभरातले सगळे दिवे एकाच रात्री विझले. सूचक नाही, अनुमोदक नाही, हात वर नाहीत.

जिथे तेलाचे दिवे होते तिथे त्या हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या तेलाचं पुढे काय झालं, एवढं मला कळायला हवंय. कुणा क्लार्कने नक्की लिहून ठेवलं असणार.