क्वीन्स की ह्यूस्टन?
आज दिवसभर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये नुसता भटकलो, सात नंबरच्या ट्रेनने फ्लशिंगला जाऊन हाताने ओढलेले नूडल्स हाणले, येताना जॅक्सन हाइट्सला तिबेटी मोमो, आणि बाजूलाच कोथिंबिरीच्या जुडीवरून एका बांगलादेशी काकूंची स्पॅनिश बोलणाऱ्या पोऱ्याशी घासाघीस चाललेली, दोघं आपापल्या भाषेत, तरी सौदा झाला!
देशोदेशीच्या माणसांच्या बाबतीत ह्यूस्टनपण कमी नाही हां, हिलक्रॉफ्ट रस्त्याला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला देशी बाजार, बेलेअर रस्त्याकडे पाट्या व्हिएतनामीतसुद्धा. पण तिथे माणसं दिसतात ती पार्किंगमध्ये, गाडीशिवाय दूध आणायचे वांधे.
शिकागो सगळ्यात देखणं, लेकफ्रंट तर क्या बात, पण तिथे माणसं अशी मिसळत नाहीत, शहराची नॉर्थ साइड आणि साउथ साइड म्हणजे दोन वेगळी गावंच.
राहायचं म्हटलं तर क्वीन्सच्या भाड्यात ह्यूस्टनला अंगणासकट घर येतं, म्हणून बायकोचं मत तिकडे, माझं अजून भांडण चालू आहे 😄