कोण बघतंय?

दुपारी तीनच्या सुमाराला इंटरनेट गेलं. कुठेतरी खणताना तार तुटली असणार, नेहमी तसंच असतं. मला फारसं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी जरा खूशच झालो. अशाच दिवसासाठी तर मी तो सर्व्हर मांडला होता. जमवलेले सिनेमे, मालिका, घरातले जुने व्हिडिओ, सगळं चार टेराबाइटच्या डिस्कवर. आणि डिस्क टीव्हीखालच्या कपाटात, हातभर अंतरावर. बाहेरचं जग बुडालं तरी आपलं चालू राहील, असं मी घरात बऱ्याचदा, कोणी न विचारता, सांगितलेलं होतं.

टीव्ही लावला. पडद्यावर पाच गोल चेहरे यायला हवे होते: मी, बायको, मुलगी, बाबा आणि ‘पाहुणे’. त्याऐवजी एक चकती फिरू लागली. बराच वेळ फिरली. मग अक्षरं आली, की खात्याची खात्री पटवता येत नाही, इंटरनेट तपासा.

म्हणजे सिनेमा कपाटात, पण मी कोण हे मात्र दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या दारात जाऊन विचारून यायचं. ती पेटी मी जोडली. तिच्या पंख्यातली धूळ दर महिन्याला मी जुन्या टूथब्रशने काढतो. आणि तिला मी ओळखू येत नाही.

“तुझ्या सर्व्हरला इंटरनेट लागतं?” बायकोने विचारलं. ‘तुझ्या’वर जोर नव्हता, तरी मला तो ऐकू आला.

आता इथे माझ्यातला हौशी तंत्रज्ञ जागा झाला, आणि तो जागा झाला की घरातले बाकीचे लोक हळूच आपापल्या खोल्यांत जातात. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा विझला तरी घरातलं जाळं जिवंत असतं. टीव्ही, सर्व्हर, फोन एकमेकांशी छान बोलत असतात. त्यांचे पत्तेही घरगुतीच, १९२.१६८ने सुरू होणारे. खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले हे आकडे जगातल्या असंख्य घरांत तेच ते असतात, आणि घराबाहेर त्यांना काडीची किंमत नसते. सर्व्हरला थेट कीबोर्ड जोडून मी सेटिंगमध्ये शिरलो. तिथे एक चौकट सापडली: या पत्त्यांवरून कोणी आलं तर ओळख विचारू नकोस. घरचे पत्ते भरले. टीव्ही चालू झाला. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो, पण बाहेर कोणी नव्हतं.

त्या सवलतीची एक बाजू मला नंतर कळली. ओळख विचारायची नाही म्हटल्यावर सर्व्हर येईल त्याला मालक समजतो, आणि मालक म्हणजे मी. पाच चेहरे गायब. जो सोफ्यावर बसेल तो मी. तार जोडायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस अख्खं घर माझ्या नावाने जगलं.

तिसऱ्या दिवशी चेहरे परत आले. मी माझ्या चेहऱ्यावर गेलो, आणि ‘पुढे पाहा’ची ती रांग बघून हातातला रिमोट तसाच राहिला. ही रांग म्हणजे माझा एक कोपरा आहे. तिथे एका वेळी तीनापेक्षा जास्त गोष्टी मी राहू देत नाही. अर्धवट राहिलेलं काही दिसलं की मला पायात खडा गेल्यासारखं होतं. आता तिथे सतरा होत्या. एका कार्टूनचे सहा भाग, सहाही मधेच सोडलेले. शिवणकामाचा एक धडा, बाहीपाशी अडकलेला. आमच्या लग्नाचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला थांबवलेला. तो कोणी लावला आणि चौथ्या मिनिटाला असं काय दिसलं, याचा शोध मी मुद्दाम घेतला नाही. बाबांचा वाफेच्या इंजिनांवरचा माहितीपट मात्र या रांगेत नव्हता. तो थेट ‘पाहिलेले’मध्ये. बाबांना दहाव्या मिनिटाला डुलकी लागते, पण माहितीपट थांबत नाही. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी वाफेच्या इंजिनांबद्दल बाबांचं सगळं पाहून झालेलं असतं. या वेळी माझं झालं.

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण त्या इंजिनांच्या शेजारी एक सिनेमा होता. मी कित्येक महिने राखून ठेवलेला. एखादी निवांत रात्र मिळेल, घरात कोणी नसेल, तेव्हा बघू म्हणून. पोस्टरवर एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. आणि पोस्टरच्या कोपऱ्यात बरोबरची खूण. पाहिला! मी!

नोंदी उघडल्या. संध्याकाळी ७:४०ला सुरू, ७:५३ला बंद. दोन तासांचा सिनेमा तेरा मिनिटांत. कोणीतरी थेट शेवटावर जाऊन तेवढाच पाहिला होता.

आमच्या लहानपणी हा प्रश्न पुस्तकाचा होता. वाचनालयातून कादंबरी यायची एक, वाचणारे चार, आणि परत करायची मुदत सात दिवस. त्यामुळे ती एकाच वेळी चौघांकडून वाचली जायची. दुपारी आई, संध्याकाळी मी, रात्री बाबा, आणि सगळे झोपले की आजी. प्रत्येकाची खूण वेगळी. बाबांचं तिकीट, चौकोनी घडी घातलेलं. आईचा लोकरीचा धागा, त्या वर्षी जे विणत असेल त्याच्या रंगाचा. मी पानाचा कोपरा दुमडायचो आणि त्यासाठी बोलणी खायचो. आजीचा केसातला आकडा. काळा, एका टोकाचं वेष्टण निघालेला. त्या टोकाने पानावर बारीक चरा उठायचा. मिटलेलं पुस्तक कडेने बघितलं तरी कळायचं कोण कुठे आहे. बाबा रखडलेत. आई पुढे गेली, म्हणजे आज तिला विचारलं तर ती काहीतरी लपवल्यासारखी हसणार. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही, हा न लिहिलेला नियम होता. एकदा मी चुकून तिकीट पाडलं आणि अंदाजाने कुठेतरी खुपसलं. बाबांनी तीस पानं दुसऱ्यांदा वाचली आणि लेखक फार पाल्हाळ लावतो म्हणाले.

आकड्याचं कोडं मात्र मला सुटत नसे. पुस्तक घरी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा आकडा शेवटच्या प्रकरणात. तिसऱ्या दिवशी पहिल्या पन्नास पानांत कुठेतरी. मग रोज थोडाथोडा पुढे. मी एकदा विचारलं, तू उलटं वाचतेस का? ती म्हणाली, “शेवट कळला की जीव शांत होतो. मग वाचता येतं.” मला तेव्हा ते फसवणुकीसारखं वाटलं होतं. लेखकाची की स्वतःची, ते काही ठरवता आलं नव्हतं.

असो. चेहऱ्यांचा घोळ पुन्हा नको म्हणून मी सर्व्हरचं सॉफ्टवेअरच बदललं. आता जेलीफिन आहे. एम्बी नावाच्या सर्व्हरचा कोड बंद दाराआड जायला लागला तेव्हा, डिसेंबर २०१८मध्ये, काही मंडळींनी खुल्या कोडची वेगळी चूल मांडली, तीच ही. यात सगळ्यांची नावं, पासवर्ड, कोण कुठे थांबलं हे सगळं आपल्याच डिस्कवर, एका छोट्या डेटाबेसमध्ये राहतं. टीव्हीला सर्व्हर आपोआप सापडला नाही तर पत्ता हाताने टाकायचा आणि पुढे ८०९६, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा आकडा (पोर्ट). तो मी एका चिठ्ठीवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवला आहे. ऑफलाइन असताना नव्या सिनेमाला पोस्टर येत नाही, नुसती करडी चौकट दिसते, पण त्याला माझी तक्रार नाही. न ओळखलेला सिनेमा चालेल, न ओळखलेला माणूस नको.

त्याचेही हिशेब आहेतच. सेटिंगला हात लावला नाही तर पहिल्या पाच टक्क्यांच्या आत उठलात की तो तुम्ही आला होतात हेच विसरतो. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलात की पाहिला म्हणून खूण करतो. दोन तासांच्या सिनेमात पहिली सहा मिनिटं फुकट, आणि शेवटच्या बारा मिनिटांत पोचलात की पास. मधल्या एकशे दोन मिनिटांत तुम्ही होतात का, हे विचारत नाही. आजीची एकेक कादंबरी यात पहिल्याच रात्री वाचून संपली असती.

परवा पुन्हा इंटरनेट गेलं. मी पुस्तक बाजूला ठेवून मुद्दाम सोफ्यावर येऊन बसलो. टीव्ही लावला आणि क्षणात पाच चेहरे, ठणठणीत. कोण बघतंय? बाबा डोळे मिटून बसले होते. बायको म्हणाली, “छान.” एका शब्दात इतकं मिळणं आमच्याकडे पुष्कळ समजतात.

मुलगी आली. बारा वर्षांची आहे. रिमोट मागत नाही, काढून घेते. स्वतःच्या चेहऱ्यावरून पुढे गेली, माझ्यावरून गेली आणि ‘पाहुणे’वर थांबली. आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत, तरी त्या चेहऱ्याखाली नेहमीच काही ना काही असतं, हे माझ्या लक्षात आलेलं होतं. मी बायकोकडे संशयाने बघत आलो होतो. बहुतेक तीही माझ्याकडे.

“अगं, तुझं नाव आहे ना तिथे?”

“माझ्या नावावर नंतर बघणार. आधी शेवट बघायचाय.” तिने एक करडी चौकट उघडली आणि रेघ ओढत ओढत पार टोकाला नेली.

मी तेरा मिनिटं काही बोललो नाही. तिने टीव्ही बंद केला आणि उठली, तेव्हा विचारलं, “तो म्हातारा आणि कुत्र्याचा सिनेमा... तूच पाहिला होतास?”

“तेव्हा पाहुणे नव्हते ना,” ती म्हणाली. “सगळं तुझ्यातच जात होतं.”

“मग? जगतो का कुत्रा?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पानाचा कोपरा दुमडताना पकडला गेलोय.

“तू बघ ना, बाबा.”

ती गेली. जुन्या खुणा मी नव्या सर्व्हरवर जशाच्या तशा आणल्या आहेत, त्यामुळे तो सिनेमा अजून माझ्या नावावर पाहिलेलाच आहे. खूण काढायला एक बटण दाबायचं असतं.