आमची वाटचाल: कुत्री, पवनाकाठ आणि तात्यांचा बांध

दादाची सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर हिंजवडीतल्या एका कंपनीला कंत्राटावर लागलेली होती. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कंपनीची माणसं घरी बसली, गाडी सोसायटीच्या आवारात बसली. हप्ते तेवढे बसले नाहीत. मी तेव्हा कोथरूडला घरीच कुत्री सांभाळायचे, म्हणजे लोक गावाला गेले की त्यांची कुत्री आमच्याकडे. त्या वर्षी गावाला कोणी जाईना, पण घरोघरी नवी पिल्लं आली. वर्षभरात ती पंचवीस-तीस किलोची झाली, टूबीएचकेत मावेनात, आणि फोन सुरू झाले: "ताई, याला जरा मोकळं पळवता येईल अशी जागा सांगा ना."

जागा कुठून सांगणार? पुण्यातल्या बहुतेक बागांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी आहे. मुठेच्या काठी जलपर्णी आणि सांडपाणी. रिक्षावाले कुत्रं बघून हात हलवतात, आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना तिच्या सीटची काळजी. आमच्याकडे मोकळी गाडी होती. दादाने मागच्या सीटा काढल्या, खाली गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट टाकली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. त्या गाडीत सहा कुत्री आणि त्यांची माणसं घेऊन मावळात जायचं, नदीकाठाने दोन-अडीच तास चालायचं, नाश्ता करून परत यायचं. धंदा एवढाच. तो आजही एवढाच आहे.

नदीकाठ म्हणजे सरकारी, कुणीही जावं, असं शहरात राहून वाटतं. प्रत्यक्षात पात्र संपलं की शेत सुरू होतं, आणि पाण्यापर्यंतची वाट कुणाच्या तरी बांधावरून जाते. आमच्या एक ग्राहक इंग्लंडात राहून आलेल्या. तिथे शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर दाखवलेल्या असतात आणि त्यांवरून चालायचा कायद्याने हक्क असतो. तसा नकाशा इथे मिळेल का, असं त्यांनी विचारलं. आपल्याकडे तो नकाशा तात्यांच्या डोक्यात असतो. कुठला बांध कुणाचा, कुणाचं कुणाशी कोर्टात चालू आहे, कुठून गेलं तर कोण ओरडेल, सगळं त्यात आलं.

तात्या म्हणजे पवनानगरच्या खालच्या अंगाला ज्यांचं शेत आहे ते. दादा त्यांच्याकडे परवानगी मागायला गेला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "कुत्री चावतात का?" मग, "माणसं चावतात का?" जागेचं भाडं घेणार नाही म्हणाले. नाश्ता त्यांच्या घरचा घ्यायचा आणि पैसे काकूंच्या हातात द्यायचे, ही अट. म्हणून आमच्या सहलीत सँडविच नसतं, पिठलं-भाकरी असते. कुत्र्यांना आळणी भात आणि उकडलेली अंडी. भात इंद्रायणीचा. हे वाण जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली आणलेलं. ग्राहक काकूंकडून तांदूळ किलोकिलोने नेतात. काही महिने तर आमच्या कमाईपेक्षा काकूंची तांदळाची विक्री जास्त होते, आणि ते आम्हाला मान्य आहे, कारण वाट त्यांची आहे.

पवना नदीच का, असं लोक विचारतात. तिला उन्हाळ्यातही पाणी असतं म्हणून. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी धरणातून नदीपात्रात सोडतात आणि खाली रावेतला उचलतात. त्यामुळे मधल्या गावांना मे महिन्यातही वाहतं पाणी मिळतं. हे पाणी बंद पाइपातून न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 ला एक्सप्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. नवीन ग्राहकांना मी हे गाडीतच सांगते. ज्या पाण्यात आपलं लॅब्रॅडॉर डुंबणार, ते कुणाच्या जिवावर वाहतंय एवढं ठाऊक असलेला माणूस काठावर चिप्सचं पाकीट टाकत नाही, असा आपला माझा समज. बराचसा खरा ठरलाय.

तात्यांच्या बाकी अटी शेताच्या आहेत. जूनमध्ये भाताची रोपं टाकल्यापासून कापणी होऊन भारे उचलेपर्यंत बांधावर पाय ठेवायचा नाही. त्यातून आमचा पावसाळा आपोआप बंद राहतो, आणि राहायलाच हवा. धरण भरलं की विसर्ग वाढवल्याचे मेसेज येतात, इतके हजार क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. त्या पाण्यापुढे पट्टीचं पोहणारं कुत्रंही काही नाही. सकाळी गुरं पाण्यावर येतात तेव्हा आमची कुत्री पट्ट्यावर. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं शेतात बसायला येतात, तेव्हा तो भाग सोडून द्यायचा.

आणि मोटारी. शेतीपंपांच्या केबली काठावरून उघड्या गेलेल्या असतात, जोड टेप गुंडाळून केलेले. मोटारींची थ्री फेज वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. ओलं कुत्रं आणि ओली माती, यात काय होऊ शकतं हे कुणाला समजावून सांगायला नको. दादा सगळ्यांच्या आधी एकटा खाली उतरतो, स्टार्टरच्या पेट्या बघतो, नुसता कान देऊन ऐकतो, मग हात करतो. तोवर गाडीचं दार उघडत नाही. आतून कितीही भुंकोत.

गावातून आम्ही चालत जातच नाही. प्रत्येक वस्तीची आपली कुत्री असतात आणि त्यांना हद्द असते. शहरी, शाम्पूचा वास येणारी सहा कुत्री एकदम दिसली तर ती गप्प कशी बसतील? गाडी थेट शेताच्या कडेला लावायची. तात्यांचा काळ्या तिथे उभाच असतो. तो शेपूट वर करून पुढे निघाला की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री लांबूनच भुंकून मोकळी होतात. काळ्याला आम्ही दरवर्षी रेबीजची लस देतो, आणि तात्यांनी विचारलं म्हणून आता वस्तीवरच्याही काही कुत्र्यांना.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुसळांत. पावसाळा सरला, गवत वाळलं की हा छळ सुरू. कुसळाच्या टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात घुसून पायातून वर चढतं, कानात गेलं तर भूल देऊन काढावं लागतं. म्हणून परतीच्या आधी घडीच्या टेबलावर एकेक कुत्रं उभं करायचं. कपाळाला बॅटरी, हातात चिमटा. आधी चारही पंज्यांच्या बेचक्या बोटाने फाकवून बघायच्या, मग काखा, जांघा, शेवटी कान उलटे करून. कॉकर स्पॅनियल असेल तर अर्धा तास धराच. त्याच तपासणीत गोचीडही सापडतात. गोचीडतापाने रक्तातल्या प्लेटलेट उतरलेलं कुत्रं एकदा बघितलं की माणूस ही तपासणी टाळत नाही. लसीचं पुस्तक गाडीत बसण्याआधी बघतो, रेबीज आणि लेप्टो दोन्ही. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा लेप्टो माणसालाही होतो, त्यामुळे डबक्यात कोणीच उतरायचं नाही, वाहत्या पाण्यातच.

पग आणि बुलडॉगवाल्यांना मार्चनंतर नाही म्हणतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. राग येतो लोकांना. येऊ दे.

जागा वाढवा, असं सगळेच सांगतात. प्रवरेकाठी, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला (अकोले) चला म्हणून एक गट मागे लागला होता. तो पट्टा सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याच अकोल्याच्या परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केला, आणि बिबट्यांच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा, 39 टक्के, निघाला तो पाळीव-गावठी कुत्र्यांचा. ऊस आणि नदी जिथे शेजारी, तिथे आम्ही नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरही त्यातच आले. मावळात बिबट्या नाही असं कोण म्हणेल? म्हणूनच ऊन वर आल्याशिवाय झाडीच्या कडेला जात नाही.

मध्यंतरी 'पेट-फ्रेंडली' बोर्ड लावलेल्या एका रिसॉर्टने बोलावलं. जाऊन बघितलं तर कुत्र्यांसाठी जनरेटरच्या मागे पिंजरा. दादा चहासुद्धा न पिता गाडीत जाऊन बसला. नदीला लागून स्वतःची जागा घ्या, शेड टाका, असाही सल्ला मिळतो. देणाऱ्यांनी पूररेषा काय असते ते एकदा बघावं. निळ्या रेषेच्या आत बांधकाम चालत नाही, आणि बाहेर घ्यायचं तर मावळातले भाव आमच्यासाठी नाहीत.

हिवाळ्यात एक फेरी वाईची असते, कृष्णाकाठी. मेणवलीच्या घाटावर मात्र कुत्री नेत नाही. आम्हाला कुणी अडवलेलं नाही. पण नाना फडणवीसांच्या त्या घाटावर बायका धुणं घेऊन आलेल्या असतात, कुणाचं धार्मिक कार्य चालू असतं, तिथे ओलं कुत्रं अंग झटकणार. निम्मी माणसं कुत्री धरून वर थांबतात, निम्मी खाली जाऊन वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा बघून येतात, मग अदलाबदल. फोटोसाठी कुत्रं घंटेखाली बसवायचा हट्ट धरणारे असतातच. त्यांना तात्यांचा पहिला प्रश्न ऐकवते, दुसरा मनात ठेवते.

आता घरात विषय चाललाय दुसऱ्या गाडीचा. दादाचं म्हणणं, रविवारची यादी महिनाभर आधी भरते, लोकांना नाही म्हणून किती दिवस काढणार, कर्ज सहज मिळेल. माझं म्हणणं, एका बांधावर एका वेळी सहा कुत्री चालतात, बारा नाही. दुसरी गाडी घ्यायची तर आधी दुसरे तात्या शोधावे लागतील. तो शिवण्याकडे एकाशी बोलून आलाय. त्यांनी भाडं सांगितलं, नाश्ता नाही म्हणाले. त्यामुळे मी अजून सही केलेली नाही.