बारापैकी सात झाल्या

यंदा बारा लघुकादंबऱ्या वाचायच्या ठरवल्या होत्या. सगळ्या कुठल्या ना कुठल्या फँटसी मालिकेला जोडून लिहिलेल्या. काल रात्री सातवी संपली. मागची नोंद होऊन महिना उलटला, कारण मधल्या काळात मूळ मालिकांतली जाडजूड पुस्तकं पुन्हा हातात घ्यावी लागली.

विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांच्या हिशेबात साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांची ती लघुकादंबरी. माझ्या यादीतल्या एकदोन त्यात बसत नाहीत, पण ते मी मनावर घेत नाही. नियम एकच पाळते: मालिकेत ती जिथे येते, तिथेच वाचायची.

हा नियम मला ठेच लागून सुचला. ब्रँडन सँडरसनच्या 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह'मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकांच्या मध्ये 'एजडान्सर' येते. पहिल्या वाचनात मी ती सोडली आणि थेट तिसरं, म्हणजे 'ओथब्रिंगर', उघडलं. ज्या नेल नावाच्या माणसाने दुसऱ्या पुस्तकात लिफ्ट नावाच्या पोरीच्या जिवावर उठून तिचा पाठलाग केला, त्याने तो नाद केव्हा सोडला, का सोडला, काही लागेना. ते सगळं या छोट्या पुस्तकात घडतं. या खेपेला ती जागच्या जागी वाचली आणि तिसरं पुस्तक कुठेही अडखळलं नाही. शिवाय लिफ्ट स्वतः किती जवळची वाटायला लागली! खडकात खोल चर खणून वसवलेल्या येडॉ शहरात ती येते, आणि कारण काय सांगते तर तिथले दहा प्रकारचे पॅनकेक खायचेत. तिच्या पोटात गेलेल्या अन्नाची शक्ती होते. त्यामुळे तिची भूक आणि तिची जादू यांत फरकच उरत नाही. मूळ मालिकेत शक्ती वादळातून येते, राजेरजवाडे आणि सेना ती वापरतात. इथे तीच शक्ती एका उपाशी पोरीच्या पोटातून येते.

तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांमधली 'डॉनशार्ड' (2020) त्यानंतर लगेच झाली. पाय निकामी झालेली व्यापारी राइसन इथे नायिका आहे. मोठ्या पुस्तकांत ती फक्त मधल्या छोट्या प्रकरणांत भेटायची. समुद्रप्रवास छान आहे, शेवट मात्र मला घाईचा वाटला.

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या डंक हा भटका सरदार आणि एग हा त्याचा पोरसवदा सेवक यांच्या तिन्ही कथा (1998, 2003, 2010) सलग वाचल्या. मूळ मालिकेच्या, म्हणजे 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या, साधारण नव्वद वर्षं आधीचा काळ. मोठ्या पुस्तकांत चिलखत घातलेले सरदार पानोपानी येतात, पण ते चिलखत आणायचं कुठून, पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. यातल्या पहिल्या, 'द हेज नाइट'मध्ये तोच प्रश्न डंकच्या मानगुटीवर बसलेला असतो. चिलखतासाठी तो आपली लाडकी घोडी विकतो. आणि मग मिळालेल्या पैशांतलं एक तांब्याचं नाणं घेणाऱ्याला परत देतो, आज रात्री हिला ओट्स घाल, एक सफरचंदही दे, असं सांगून. मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. त्या जगाच्या नकाशात एका गावाचीही भर न घालता ते जग मोठं झालं होतं.

पॅट्रिक रॉथफसची 'द स्लो रिगार्ड ऑफ सायलेंट थिंग्ज' (2014) दुसऱ्या प्रयत्नात पूर्ण झाली. मूळ मालिकेतल्या ऑरी या एकट्या राहणाऱ्या मुलीचे सात दिवस, संवाद एकही नाही, साबण करण्याचं लांबलचक वर्णन. हे पुस्तक तुम्ही कदाचित विकत घेऊ नये, असं लेखकच सुरुवातीला सांगतो. मला आवडलं, पण मालिका न वाचलेल्याच्या हातात मी ते देणार नाही.

आता सातवी. अर्सुला ले ग्विनच्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी' (2001) मधली 'द फाइंडर'. अर्थसी या बेटांच्या जगातली, रोक बेटावरची जादूशाळा कशी उभी राहिली आणि ती उभारण्यात बायकांचा हात किती होता, हे त्यात आहे. पण खरं बोलायचं तर याच संग्रहातल्या 'द बोन्स ऑफ द अर्थ'ने मला जास्त धरून ठेवलं. ती नुसती कथा आहे, माझ्या बारात मोजता येत नाही. अर्थसी मालिकेच्या 1968च्या पहिल्या पुस्तकात ओजिअन या जादूगाराने भूकंप थोपवला, एवढंच जाता जाता येतं. तेहेतीस वर्षांनी ले ग्विन त्या उल्लेखाकडे परत आल्या. गोष्ट वाचल्यावर कळतं की डोंगर खऱ्या अर्थाने धरून ठेवला तो ओजिअनच्या म्हाताऱ्या गुरूने, डोंगराच्या पोटात शिरून. आणि ज्या मंत्राने धरला, तो त्याला शिकवणारी एक बाई होती. ओजिअन लोकांना खरं सांगतो. लोक त्याच्या विनयाचं कौतुक करतात, विश्वास मात्र कोणी ठेवत नाही. मी लगेच जुनं पुस्तक काढून तो उल्लेख शोधला. शब्द तेच होते, पण आता ते लोकांच्या तोंडची चुकीची आठवण म्हणून वाचले गेले.

तेव्हापासून वहीत एक नवा रकाना पाडलाय: मोठ्या पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या गोष्टी. पुढे कोणी त्यातली एखादी उघडली, तर समोर खूण करायची. सध्या एकोणीस ओळी आहेत, खुणा चार.

पुढची 'ड्रॅगनफ्लाय', याच संग्रहातली शेवटची. अर्थसी मालिकेतल्याच 'तेहानू' (1990) आणि 'द अदर विंड' (2001) यांच्या मधला पूल. ती पहिल्यांदा छापली गेली 1998मध्ये, रॉबर्ट सिल्व्हरबर्गने संपादित केलेल्या 'लेजंड्स'मध्ये, म्हणजे 'द हेज नाइट' ज्या पुस्तकात आली त्याच पुस्तकात. 'तेहानू'ची शेवटची दोन प्रकरणं आज पुन्हा वाचते आणि उद्या तिला हात घालते.