काकापोला खुराक मोजूनच!
आज जळगावात पक्षिमित्रांच्या गप्पांत एक जण म्हणाला, "काकापो वाचवायचा ना? मग पोटभर खायला घाला!" इतकं सोपं नाही भाऊ. न्यूझीलंडचा हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये जेमतेम ५१ उरला होता. वरचा खुराक दिला, माद्या गुबगुबीत झाल्या आणि पिल्लं निघाली बहुतेक नर! मग विणीआधी मादीचं वजन दीड किलोच्या आत ठेवायचं ठरलं. त्यातही वीण होते ती तिथली रिमू नावाची झाडं फळांनी लदलेल्या वर्षीच, म्हणजे दोन-चार वर्षांनी एकदा. एवढं करून सामानातून एक गाभण उंदरीण काकापो ठेवलेल्या बेटावर उतरली, की अंडी-पिल्लं फस्त आणि सगळं मुसळ केरात. म्हणून बेटावर जाणाऱ्यांच्या बूट-पिशव्यांची झडती आधी. आपल्या शहाद्याजवळ १९९७ ला पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाचं, दुखणं वेगळं: त्याला घरट्यासाठी ढोलीवालं जुनं झाड लागतं, आणि कुऱ्हाड आधी तिथंच पडते.