तुम्ही विचारलंत म्हणून : ती माझी कोण?

लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही गाठ पडली की प्रश्न येतोच : "तिला सख्खा भाऊ असताना किडनी तुम्ही का दिलीत? ती तुमची कोण?" आजवर "बहिणीसारखी आहे हो" म्हणून मी सुटत आले. आता नाही म्हणणार. बहिणीसारखी म्हटलं की तुमचं समाधान होतं, एवढाच त्याचा उपयोग.

तिच्या भावाला मधुमेह आहे आणि आईचा रक्तगट जुळत नव्हता. घरच्यांनी पाठ फिरवली असं कृपा करून समजू नका. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर तो भाऊ जिन्यात तोंड झाकून बसला होता, मी पाहिलंय. पण तुमच्या प्रश्नाआड जो दुसरा प्रश्न असतो, पैसे किती मिळाले, तो मला झोंबतो.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीनेही तेच विचारलं, आणि त्यांना ते विचारणं भागच होतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. बाकी सगळे बाहेरचे. तिची सख्खी मावशी बाहेरची, तशीच मी. बाहेरच्यांना जिव्हाळ्यापोटी देता येतं, फक्त तो जिव्हाळा कागदोपत्री दाखवावा लागतो. गरिबांच्या किडन्यांचा बाजार थांबावा म्हणून हे सगळं आहे आणि ते हवंच, असं मी आजही म्हणेन. तरीही हॉस्टेलमधले फोटो, कर्वेनगरच्या खोलीचा दोघींच्या नावाचा भाडेकरार, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद असं सगळं फाइलला लावताना माझे हात थरथरत होते.

मुलाखतीचं चित्रीकरण होतं. दात्याच्या जवळच्या माणसालाही विचारतात, म्हणून माझी आई संगमनेरहून आली होती. "मुलीचा निर्णय तुम्हाला मान्य आहे?" आई म्हणाली, "पसंत नाही. कुठल्या आईला पसंत पडेल?" माझ्या पोटात गोळा आला. मग ती थांबली, पदर सावरला आणि म्हणाली, "पण हिचे वडील आजारी होते ना, तेव्हा जिला ही किडनी देतेय ती पोर दवाखान्यात बाकावर झोपायची. माझे दीर एकदा आले, बिस्किटांचा पुडा ठेवला आणि एसटी गाठायची म्हणून निघून गेले. आता मी हिला कुठल्या तोंडानं अडवू?" समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे ही त्याची परतफेड?" आई म्हणाली, "तसंच समजा."

परवानगी मिळाली. पण आईच्या त्या उत्तराशी मी अजून भांडते आहे. वडिलांच्या वेळी ती तशी बाकावर झोपली नसती तर मी किडनी दिली नसती का? दिली असती, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत होते. आज तेवढ्या खात्रीने नाही सांगता येत. शिवाय माझा स्वार्थही होता. मी लग्न केलेलं नाही, माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसलेली ती मला बघवत नव्हती, आणि ती गेली तर माझं काय, हाही विचार त्यात होताच. त्यागाची मूर्ती वगैरे म्हणता तेव्हा हे लक्षात असू द्या.

खरं दुखतं ते वेगळंच. ऑपरेशननंतर ती माझ्याशी भांडेनाशी झाली. पूर्वी पंख्याच्या वेगावरून, आमटीत गूळ घालण्यावरून, मतदान कुणाला यावरून आम्ही कडाकडा भांडायचो. आता मी काहीही म्हटलं की "तुला हवं तसं."

नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तिला रोज ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. मागे एकदा लग्नाच्या पंगतीत तिने ती वेळ टळू दिली आणि मी चारचौघांत तिच्यावर ओरडले. पूर्वीची ती असती तर तिथेच मला उलटं सुनावलं असतं. तिने मुकाट्याने गोळी घेतली. ते ओरडणं काळजीचं होतं की, माझी वस्तू नीट सांभाळ, असं होतं? काळजीचंच होतं, मी स्वतःला बजावते. तिला ते कसं ऐकू आलं, हे विचारायला अजून जीभ रेटत नाही.